फुटाणे मांडून चूक शोधणारे गजभिये

निहार, गेल्या रविवारी तू व्हिडिओ कॉलवर कपाळाला हात लावून बसला होतास. दोन दिवस एकच एरर येते आहे म्हणालास. मी विचारलं, "काय लिहिलंय त्यात?" तू म्हणालास, "आजी, सोड ना. नल रेफरन्स आहे, तुला नाही कळणार." मी म्हटलं, "म्हणजे ज्याला हाक मारली तो घरात नाही. संदेश शेवटपर्यंत वाचलास का? कोणत्या ओळीवर अडलंय?" भिंतीवरच्या घड्याळाने 'जेवलास का' म्हणून विचारावं, तसं तू माझ्याकडे पाहिलंस. ईरा मागून खो खो हसली. "हे तुला कोणी शिकवलं?" असं दोघांनी एकदम विचारलंत, पण तेवढ्यात तुमचा जेवणाचा डबा आला आणि कॉल बंद झाला. म्हणून हे लिहून पाठवते आहे. नीट, ओळीने वाचा. मधली पानं सोडू नका.

मला हे शिकवलं वामन गजभिये यांनी. तुमचे आजोबा आणि मी लखनौला आलो तेव्हा परतण्याची तारीख ठरवूनच आलो होतो, आणि ती तारीख केव्हाच उलटून गेली. मी चिनहटच्या एका सरकारी कारखान्यात स्टोअर्स विभागाची प्रमुख होते. आम्ही हातपंपांचे सुटे भाग बनवत असू: वॉशर, साखळ्या, सळया, झडपा. गावागावांतले पंप बिघडले की आमचे भाग जिल्ह्यांच्या डेपोंत जात आणि तिथून गावात. गजभिये कॉम्प्युटर विभागात होते. मूळचे कामठीचे. उंच, आडव्या बांध्याचे, चालताना दारं अरुंद वाटावीत असे; पण अक्षर मुंगीएवढं. बारा महिने पांढरा शर्ट आणि त्याचा खिसा फुगलेला. खिशात फुटाणे असत. थंडीत त्यांची जागा भाजलेल्या शेंगा घेत. बाकी शिस्तीत फरक नाही.

त्यांची माझी ओळख एररमुळेच झाली. एका सकाळी डिस्पॅचच्या पडद्यावर लाल चौकट आली आणि बहराइचच्या डेपोची मागणी पुढे सरकेना. मी वैतागून फोन केला. गजभिये आले, खुर्ची पुढे केली तरी बसले नाहीत. पडद्यासमोर ताठ उभे राहिले आणि तो इंग्रजी संदेश पहिल्या शब्दापासून शेवटच्या आकड्यापर्यंत मोठ्याने वाचला. घरात गावाकडचं पत्र आल्यावर वडीलधारा माणूस सगळ्यांना वाचून दाखवतो ना, तसा. मग परत एकदा वाचला.

मी म्हटलं, "अहो, मी वाचलाय तो."

"पूर्ण?"

"म्हणजे… वरची ओळ वाचली."

"तेच तं," ते म्हणाले. "लोक अर्धं वाचतात अन् पूर्ण घाबरतात."

नंतर त्यांनी माझ्या टेबलावर, माझ्या स्वच्छ काचेवर, खिशातले फुटाणे काढून एका रांगेत मांडले. मला घाम फुटला. पण ते शांतपणे बोट ठेवत गेले. "हा मागणीचा कागद. मागणी विचारते डेपोला, डेपो विचारते तिथल्या इंचार्जला, इंचार्ज सांगते आपलं नाव, अन् ते नाव छापलं जाते चलनावर. आता पाहा. मागणी आहे?" मी पाहिलं, होती. त्यांनी पहिला फुटाणा तोंडात टाकला. "डेपो आहे?" होता. दुसरा गेला. "इंचार्ज?" मी यादी उघडली. बहराइचचे इंचार्ज मागच्या महिन्यात निवृत्त झाले होते आणि त्या जागी अजून कुणी आलं नव्हतं. नावाचा रकाना रिकामा.

तिसरा फुटाणा त्यांनी उचलला नाही. त्यावर बोट ठेवून ते इतके खूश झाले, जणू हरवलेली शेळी सापडली. "हा पाहा! माणूस रिटायर झाला अन् आपला प्रोग्राम अजून त्याच्या खुर्चीला नमस्कार करून राहिला. समोरून उत्तर नाही म्हणून घाबरून खाली पडला बिचारा."

बाहेरून आलेल्या एका तरुण सल्लागाराने लगेच तोडगा सुचवला: नाव रिकामं असेल तर ती पायरी ओलांडून पुढे जा, असं प्रोग्राममध्ये लिहून टाकू, दोन मिनिटांचं काम. गजभिये म्हणाले, "भैया, कुर्सी खाली देखकर आँख मूँद लेंगे, तो ट्रक वहाँ जाकर माल किसको देगा?" त्यांनी बहराइचला फोन लावला, सध्या माल कोण उतरवून घेतं ते विचारलं, त्या बाईंचं नाव रकान्यात भरलं, आणि मगच प्रोग्रामला 'इंचार्ज नसेल तर आधी आम्हाला सांग' असं शिकवलं. हे होईपर्यंत दुपार झाली. जाताना माझ्या काचेवरची फुटाण्यांची सालं त्यांनी रुमालाने टिपून घेतली. तेव्हापासून मला ते आवडू लागले.

त्यांचे नियम थोडे होते, पण पक्के. पहिली दहा मिनिटं कीबोर्डला हात लावायचा नाही. 'कालपर्यंत चालत होतं ना? मग काल आणि आजच्या मध्ये काय झालं?' हा प्रश्न ठरलेला. 'कुणी केलं?' हा प्रश्न मात्र त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. एकदा विचारलं तर म्हणाले, "मॅडम, कोण म्हटलं का माणूस खोटं बोलतो. काय म्हटलं का आठवून सांगतो."

आम्ही दोघं मराठीत बोलू लागलो की बाकी ऑफिस कान टवकारे. आमच्या विभागातली रुखसाना तर सरळ म्हणे, "मैडम, आप लोग मराठी में किसकी बुराई कर रहे हैं? हमें भी शामिल कीजिए." रुखसाना ही डेटा भरणारी मुलगी, कंत्राटावर होती. दर वर्षी तिच्या कंत्राटाचा कागद नव्याने सहीला जाई. बोटं विजेसारखी चालत, आणि त्याहून जीभ. गजभियांना ती न घाबरता चिडवी: "सर, चना कम खाइए, कीबोर्ड के नीचे खेती हो रही है."

चौदा एप्रिलला गजभियांच्या घरी खीर असे आणि आम्हाला आमंत्रण. गोमती नगरमधला दोन खोल्यांचा फ्लॅट, दारात निळी पताका, बाहेरच्या खोलीत बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, त्याखाली एकावर एक रचलेली पुस्तकं. त्यांची मुलगी मराठी सगळं समजे आणि सगळ्याची उत्तरं हिंदीत देई, तुमच्या बाबासारखीच. मंदाताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, खीर वाढता वाढता नवऱ्याची तक्रार सांगत: "ऑफिसातलं सारं सापडते यांना. घरात मिठाचा डबा समोर असला तरी दिसत नाही."

"समोर असते काय?" गजभिये म्हणत. "तू रोज त्याचा पत्ता बदलते."

एकदा मंदाताईंना आणि मला पडद्यांचं कापड घ्यायचं होतं. अमीनाबादेत एक दुकान आहे, तिथे छापील सुती कापड फार चांगलं मिळतं, असं मंदाताईंनी सांगितलं. गजभिये पिशव्या धरायला म्हणून आले. रिक्षातून उतरलो, गर्दीतून वाट काढत पोचलो, तर दुकानाची पाटी तीच, पण आत लहान मुलांचे बूट. मंदाताई हिरमुसल्या. "चला, दुसरीकडे घेऊ."

गजभियांचे डोळे मात्र चमकले. बूटवाल्याला त्यांनी विचारलं, "भाई साहब, बोर्ड कपड़े का, माल जूते का. कपड़ा कहाँ गया?"

"जनाब, वो तो साल भर हुआ उठ गए. कहाँ गए, अल्लाह जाने."

"बोर्ड क्यों नहीं उतारा?"

"अच्छा-भला बोर्ड है, क्यों उतारें? रोज़ दस लोग यही देखकर अंदर आते हैं. दो तो जूते ले ही जाते हैं."

गजभिये खदखदून हसले. मग म्हणाले, "कपडेवाला गेला असेल, त्याचा चहा कुठे जात होता?" समोरच्या चहावाल्याला विचारलं. चहावाल्याने हमालाचं नाव सांगितलं, हमालाने शिंप्याचं. तीन गल्ल्या, दोन जिने, एका ठिकाणी आम्हाला खाली उभं करून ते एकटेच वर गेले. मंदाताई पदराने वारा घेत म्हणाल्या, "पाहा, आता हे त्या दुकानदाराला त्याच्या आजोळपर्यंत शोधतील." अर्ध्या तासाने वरच्या खिडकीतून गजभियांचं घामाघूम डोकं बाहेर आलं. "या! मिळालं! सेम माणूस, सेम कापड!" माझ्या बैठकीच्या खोलीतले निळ्या वेलबुट्टीचे पडदे त्याच दुकानातले. ईरा त्यांच्यामागे लपायची.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले, ती गोष्ट. यात चूक माझी आहे, हे आधीच सांगून टाकते.

तुम्हाला माहीत आहे, मला पसारा खपत नाही. आमच्या कारखान्यातल्या प्रत्येक वस्तूला एक कोड होता आणि सगळ्या कोडांची एक मोठी यादी कॉम्प्युटरमध्ये होती; ऑफिसात तिला 'मास्टर' म्हणत. त्या यादीत एकच चामड्याचा वॉशर तीन वेगवेगळ्या कोडांनी बसला होता. तीन काळांतल्या तीन कारकुनांनी आपापल्या मनाने त्याला कोड दिलेले. अशा कितीतरी वस्तू. मला ते बघवत नसे. मे महिन्यातल्या एका शनिवारी काम कमी होतं. माझा कॉम्प्युटर दुरुस्तीला गेला होता. रुखसानाच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून तिला मी दोन वाजता घरी सोडलं होतं. तिचा कॉम्प्युटर चालूच होता, यादीही उघडी होती. मी तिच्या खुर्चीवर बसले आणि तासाभरात सगळे जुने, दुबार कोड पुसून टाकले. एका वस्तूला एक कोड. घरी जाताना मी गुणगुणत होते, असं तुमच्या आजोबांनी नंतर मला सांगितलं.

सोमवारी सकाळी गाड्या भरून उभ्या, आणि चलनं निघेनात. सगळीकडे तीच लाल चौकट. एरर वजनाबद्दल बोलत होती: गाडीतल्या मालाचं एकूण वजन काढता येत नाही. उन्हाळ्याचा ऐन भर, गावांतले पंप कोरडे पडलेले, डेपोंचे फोनवर फोन. आमचे मॅनेजर मिश्रा सर खाली आले आणि त्यांनी एकच विचारलं, "किसने किया?" कॉम्प्युटरमधल्या नोंदीत शेवटचा बदल शनिवारचा होता आणि नाव होतं रुखसानाचं.

"सर, मैं तो दो बजे निकल गई थी," रुखसाना म्हणाली.

"लॉगिन खुला छोड़कर? ये और अच्छा है." मिश्रा सर म्हणाले, "चार बजे मेरे कमरे में. इसका कॉन्ट्रैक्ट वैसे भी इसी हफ़्ते साइन होना है. देखते हैं होना भी है या नहीं."

मी तिथेच उभी होते. मला खरोखर वाटलं नव्हतं की माझ्या सफाईचा याच्याशी काही संबंध असेल. मी तर फक्त नको ते काढलं होतं. एरर वजनाची होती. मी वजनांना हातही लावला नव्हता. असं मी मनाशी तीनदा म्हटलं. तीनदा म्हणावं लागलं, तेव्हाच काहीतरी समजायला हवं होतं.

गजभिये आले. उभं राहून पूर्ण वाचलं. मग माझ्या टेबलाशी बसले आणि फुटाणे मांडले. "चलन विचारते गाडीला, का बाई तुझं वजन किती. गाडी विचारते एकेका मागणीला. मागणीजवळ वजन नसते, फक्त कोड असते. मागणी तो कोड घेऊन यादीकडे जाते, का या कोडाची वस्तू किती किलोची." एकेक फुटाणा खात ते पुढे गेले. शेवटचा राहिला. त्यांनी एक अडलेली मागणी उघडली, तिच्यातला वॉशरचा कोड मला यादीत शोधायला लावला. कोड नव्हता. तो मीच पुसला होता.

"जुन्या मागण्यांमध्ये जुना कोड लिहिलेला आहे मॅडम. त्या बिचाऱ्या त्या पत्त्यावर गेल्या, अन् तिथे घरच नाही." शेवटच्या फुटाण्यावर त्यांनी बोट ठेवलं. "शनिवारी दुपारी रुखसाना दवाखान्यात होती ना? तुम्हीच सोडली होती."

"हो," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. शेवटचा फुटाणा बोटाने माझ्या बाजूला सरकवला, उठले, आणि "कोड परत बसवायला तीन-चार तास लागतील," एवढंच म्हणून निघून गेले. तो फुटाणा मी खाल्ला नाही. ड्रॉवरमध्ये ठेवला.

निहार, ईरा, मी तीस वर्षांच्या नोकरीत एकही मेमो घेतलेला नव्हता. त्या दिवशी चार वाजेपर्यंत मी मनात काय काय पळवाटा काढल्या, ते लिहीत नाही. सगळ्या काढल्या, एवढं पुरे.

चार वाजता मिश्रा सरांच्या खोलीत आम्ही चौघं. टेबलावर रुखसानाच्या कंत्राटाची फाइल. गजभियांनी काय झालं ते पाच वाक्यांत सांगितलं. कोड परत आले होते, पहिल्या गाड्या फाटकाबाहेर पडत होत्या.

"ठीक है. लेकिन डिलीट किया किसने? गजभिये, आपने लॉग देखा है. नाम बताइए."

"सर, काय झालं ते…" ते मराठीतच सुरू झाले, मग थांबून हिंदीत म्हणाले, "सर, क्या हुआ, वो मैंने लिखकर दे दिया है. नाम से एक भी गाड़ी नहीं चलेगी."

"मैं गाड़ी की बात नहीं कर रहा."

"मैं गाड़ी की ही बात कर रहा हूँ सर. मेरा काम उतना ही है."

मिश्रा सरांचा चेहरा लाल झाला. गजभिये मोठ्या अंगाचे, पण त्या खुर्चीत शाळकरी मुलासारखे हात मांडीवर ठेवून बसले होते आणि जागचे हलत नव्हते. रुखसाना खाली बघत होती. मग मी उभी राहिले. "सर, मैंने किया. शनिवार को, इसके कंप्यूटर पर बैठकर."

"मैडम, आप?" मिश्रा सरांनी चष्मा काढला. "आप तो पेंसिल भी छीलकर कतार में रखती हैं!"

"उसी वजह से हुआ, सर."

मला मेमो मिळाला. माझ्या आयुष्यातला पहिला आणि शेवटचा. तो मी तारीखवार फाइलमध्ये लावून ठेवला आहे, निळ्या फाइलमध्ये, 'इतर' या खुणेखाली. रुखसानाच्या कंत्राटावर त्याच संध्याकाळी सही झाली.

बाहेर आल्यावर मी तिची माफी मागितली. ती हसायलाच लागली. "मैडम, मुझे सुबह ही पता चल गया था. मेरे सारे पेन रंग के हिसाब से लगे हुए थे. ड्रॉअर में रबर अलग, क्लिप अलग. इस दफ़्तर में और कौन करेगा?"

"मग… तो बोली क्यों नहीं?"

"सर ने कहा, चार बजे तक रुक जाओ." ती गजभियांकडे बघून म्हणाली. "मैंने कहा, सर, मेरी नौकरी जाएगी. सर बोले, नहीं जाएगी, मैडम को मैं जानता हूँ."

गजभिये खिसा चाचपत म्हणाले, "मॅडम, तुम्ही दुपारी जेवलाच नाही. मंदाने पाटोड्या दिल्या आहेत. चला." आम्ही तिघांनी उभ्याउभ्या त्या गार पाटोड्या खाल्ल्या. एवढी चविष्ट पाटोडी मी नंतर कधी खाल्लेली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला यादी दाखवली. जुने कोड पुसलेले नव्हते. प्रत्येकासमोर 'बंद' लिहिलं होतं आणि पुढे, आता कुठे जायचं तो नवा कोड. "जुनं नाव खोडायचं नसते मॅडम. कुठेतरी कोणाच्या हातात जुनी चिठ्ठी असतेच. तो माणूस आला तं त्याला वाट सांगायला कोणी तरी दारात पाहिजे." माझी सफाईही झाली आणि कुणी रस्ताही चुकलं नाही. हा प्रकार मला आधी सुचला नाही, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

मी निवृत्त होण्याच्या दोन वर्षं आधी गजभिये निवृत्त झाले आणि मंदाताईंना घेऊन नागपूरला गेले. फोन होतात. त्यांच्या आवाजात काही फरक नाही, फक्त दात दुखतो म्हणून फुटाणे बंद आहेत.

त्यांचा ऑफिसातला शेवटचा दिवस डिसेंबरातला होता. दुपार असूनही धुकं विरलेलं नव्हतं. शाल, झेंडूचा हार, समोसे, मिश्रा सरांचं भाषण, सगळं झालं. घरी पोचवायला ऑफिसची जीप यायची होती, ती आली नाही. मंदाताई भेटवस्तूंच्या पिशव्या घेऊन ई-रिक्षात बसल्या. त्यात गजभियांना जागा उरेना. तेवढ्यात रुखसाना आपली लाल स्कूटर घेऊन आली. कंत्राटाच्या त्या सहीनंतर तिने घेतली होती.

"बैठिए सर."

"मॅडम, या स्कूटरला माझं वजन झेपेल काय?" त्यांनी माझ्याकडे बघत मराठीत विचारलं. रुखसानाला एव्हाना तेवढी मराठी येत होती.

"सर, आप अपने को मास्टर में डलवाइए तो सही, चेक कर लेते हैं."

ते बसले. स्कूटर टेकली, मग सावरली. गळ्यात हार, डोक्यावर रुखसानाचं जादाचं गुलाबी हेल्मेट, खांद्यावर शाल. त्यांनी माझ्याकडे बघून हात वर केला, तोल गेला, आणि घाबरून पुन्हा सीट धरली. ती हसत होती, ते हसत होते. फाटकावर पहारेकरी रजिस्टर घेऊन "साहब, साइन! साइन!" ओरडत मागे धावला, पण स्कूटर फैजाबाद रोडच्या धुक्यात शिरली होती.

तो धापा टाकत माझ्याकडे आला. "मैडम, गजभिये साहब का आउट टाइम नहीं चढ़ा. आप ही भर दीजिए."

मी पेन काढलं. माझ्या हातून आजवर एकही रकाना रिकामा राहिलेला नाही. रजिस्टरमध्ये मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं: वामन गजभिये, आत, नऊ वाजून पाच मिनिटं. पुढची चौकट कोरी होती. मी पेनाला टोपण लावलं आणि रजिस्टर मिटून त्याच्या हातात दिलं.

"रहने दो," मी म्हटलं. "अंदर ही हैं."